महिला पोलीस हव्यात, तर आधी तालुक्यात मैदान आखा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

पोलीस दलात महिला वाढायला हव्यात, याबद्दल आता कुणी वाद घालत नाही. केंद्र सरकार 2009 पासून राज्यांना 33 टक्के महिला घ्या म्हणून कळवत आलं आहे. तरी 1 जानेवारी 2022 रोजी देशातल्या पोलीस दलांत महिलांचं प्रमाण होतं 11.75 टक्के. आपल्या राज्यात 1994 च्या महिला धोरणापासून सरकारी नोकरीत महिलांना 30 टक्के जागा राखीव आहेत, आणि 2024 च्या जानेवारीत रश्मी शुक्ला राज्याच्या पहिल्या महिला पोलीस महासंचालक झाल्या. वरची वाट मोकळी झाली, याचा आनंद आहेच. पण खाली, शिपाई भरतीच्या मैदानात, मंडणगड, गुहागर, म्हसळा, वैभववाडीसारख्या कोकणातल्या तालुक्यांतल्या मुली दोन-चार गुणांनी मागे राहतात. ते दोन-चार गुण कुठे जातात आणि भरती झाल्यावरही मुली कशाने खचतात, हे तयारी करून घेणाऱ्या आम्हा मंडळींना रोज दिसतं. उपाय फार खर्चाचे नाहीत आणि बहुतेक तालुक्यातच होण्यासारखे आहेत, म्हणून हे सविस्तर पत्र.

आधी त्या 30 टक्क्यांबद्दल, कारण पालकांचा इथे मोठा गैरसमज असतो. हे समांतर आरक्षण आहे, म्हणजे प्रत्येक प्रवर्गाच्या आतच मोजायचं. एखाद्या प्रवर्गात 10 जागा असतील तर त्यातल्या 3 महिलांच्या. पण त्याच प्रवर्गात 2 मुली गुणवत्तेवर आधीच निवडल्या गेल्या असतील, तर त्या या तिघींतच धरल्या जातात आणि आरक्षणातून भरायची एकच जागा उरते. सर्वोच्च न्यायालयाने 2007 मध्ये राजेश कुमार दारिया यांच्या प्रकरणात हे स्पष्ट केलं आहे. दुसरी बाजू याहून महत्त्वाची. पात्र मुली मिळाल्या नाहीत तर त्यांची जागा पुढच्या भरतीसाठी राखून ठेवली जात नाही, ती त्याच प्रवर्गातल्या पुरुष उमेदवाराकडे जाते. म्हणजे एका भरतीत कोकणातली मुलगी तयार नसली, तर ती जागा त्या वर्षापुरती नाही, पुढची तीसेक वर्षं गेली. छोट्या जिल्ह्याच्या जाहिरातीत एखाद्या प्रवर्गाला एकच जागा आली तर तिथे महिलांसाठी वेगळी जागा निघतच नाही. शिपाई पदासाठी अर्जही एकाच घटकात, म्हणजे एकाच जिल्ह्याच्या किंवा शहराच्या पोलीस दलात, करता येतो. म्हणून जाहिरात आली की आपल्या प्रवर्गात महिलांच्या किती जागा आहेत हे आधी पाहावं आणि मगच जिल्हा ठरवावा. मैत्रिणींनी मुंबईला भरला म्हणून आपणही मुंबईला, असं करू नये.

पोलीस ठाण्यात महिला नेमक्या किती हव्यात? केंद्रीय गृह मंत्रालयाने 2013 मध्ये राज्यांना कळवलं की प्रत्येक ठाण्यात निदान 3 महिला फौजदार आणि 10 महिला शिपाई असावेत, म्हणजे महिला कक्ष चोवीस तास चालेल. हिशेब सोपा आहे. आठ-आठ तासांच्या तीन पाळ्या, आठवड्याच्या 21. साप्ताहिक सुट्टी धरली तर एकीच्या वाट्याला 6 पाळ्या. म्हणजे एक खुर्ची सतत भरलेली ठेवायला साडेतीन जणी. त्यात कोर्टाची तारीख, आजारपण, प्रशिक्षण, बंदोबस्त धरला की पाच. एकटीला रात्री बसवायचं नाही म्हणून दोन खुर्च्या धरल्या की दहा. या दहांतल्या दोन किंवा तीनच हातात असल्या की काय होतं ते आता सांगतो.

कायदा असा आहे: बलात्कारासारख्या गुन्ह्यात पीडितेची माहिती महिला अधिकाऱ्यानेच नोंदवायची. पोक्सोखाली, म्हणजे बालकांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्याखाली, मुलाचा जबाब शक्यतो फौजदार किंवा त्यावरच्या दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने घ्यायचा, आणि तोही गणवेशात नाही. महिलेची झडती महिलेनेच घ्यायची. सूर्यास्तानंतर महिलेला अटक अपवादात्मक परिस्थितीतच, आणि तीही महिला अधिकाऱ्याने, न्यायदंडाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीने. आता ठाण्यात दोनच महिला आहेत असं समजा. एक 180 दिवसांच्या प्रसूती रजेवर, दुसरी आरोपी महिलेला घेऊन जिल्ह्याच्या ठिकाणी गेलेली. मंडणगडहून रत्नागिरी म्हणजे एका दिशेला चार तासांची गाडी. त्या दिवशी कुणी मुलगी आईबरोबर तक्रार द्यायला आली, तर शेजारच्या ठाण्यातून महिला अधिकारी येईपर्यंत ती बाकावर बसून राहणार. दापोली आणि गुहागरच्या मध्ये दाभोळची खाडी आहे. धोपाव्याची शेवटची फेरीबोट गेली की खेड-चिपळूणचा वळसा. त्या तीन-चार तासांत घरची माणसं, वाडीतली माणसं, गावकीतली माणसं येऊन बसतात, समजावतात, आणि तक्रार न देताच मायलेकी परत जातात.

किनाऱ्याचीही एक गोष्ट आहे, जी घाटावरच्या ठाण्याला लागू होत नाही. 1993 च्या मुंबईतल्या स्फोटांसाठीचं आरडीएक्स श्रीवर्धन तालुक्यात शेखाडीला उतरलं. 2008 च्या हल्ल्यानंतर सागरी पोलीस ठाण्यांवर, गस्तीवर, लँडिंग पॉइंटवर जोर आला. पण बंदरावर बसतं कोण? हर्णैला लिलाव लागतो तेव्हा बघावं. होड्या टेकल्या की टोपल्या उतरतात, आणि बोली लावणाऱ्या, माल उचलणाऱ्या, बर्फ फोडणाऱ्या, उधारी लक्षात ठेवणाऱ्या बहुतेक बायका. कुठली होडी दोन दिवस दिसली नाही, कुठल्या होडीवर नवखा खलाशी आला, कुणाचं डिझेल मासळीच्या मानाने जास्त जळलं, हे त्यांना सगळं ठाऊक असतं. खाकीतला पुरुष आला की त्या भाव सोडून दुसरं काही बोलत नाहीत. कोळी, खारवी, गाबीत घरातलीच मुलगी गणवेशात असली तर तीच माहिती सहज येते. किनाऱ्यावरच्या गावकऱ्यांच्या सागर सुरक्षा दलाच्या याद्या करताना आणि सागरी ठाण्यांत नेमणुका करताना याचा विचार व्हायला हवा. दिघी, नाटे, निवती इथल्या सागरी ठाण्यांत महिला अंमलदार केवळ टेबलापुरत्या असून भागणार नाही.

आता मैदान. शिपाई पदासाठी मुलींची उंची 155 सेंमी लागते, चालक पदासाठी 158. शारीरिक चाचणी 50 गुणांची: 800 मीटर धावणे 20, 100 मीटर 15, गोळाफेक 15. निम्मे म्हणजे 25 गुण किमान हवेत. पण 25 वर कुणी पुढे जात नाही, कारण लेखी परीक्षेला प्रत्येक प्रवर्गात जागांच्या दहापटच उमेदवार बोलावतात. पूर्ण गुणांसाठी 800 मीटर 2 मिनिटं 50 सेकंदांत, 100 मीटर 14 सेकंदांत आणि 4 किलोचा गोळा 6 मीटर जायला हवा.

उंची ही सगळ्यात आधी, दहावीतच मोजून घ्यायची गोष्ट. माणूस सकाळी उंच असतो आणि संध्याकाळपर्यंत जवळजवळ एक सेंटिमीटर उतरतो, मणक्यांमधल्या चकत्या दबतात म्हणून. 155 च्या काठावर असलेल्या मुलीने मैदानाच्या आदल्या दिवशी दहा तास एसटीत बसून जाऊ नये. मुक्काम करावा, आडवं पडावं. मोजताना टाचा, पार्श्वभाग आणि खांदे पट्टीला टेकलेले, हनुवटी सरळ. आंबाडा किंवा उंच बांधलेली वेणी आधी सोडावी, म्हणजे मोजणाऱ्याशी वाद होत नाही.

800 मीटरमध्ये गुण जातात ते दमामुळे कमी आणि वेग चुकल्यामुळे जास्त. 2:50 म्हणजे 400 मीटरला 85 सेकंद, 200 मीटरला साडेबेचाळीस. घोळक्यात सुटलेली मुलगी पहिले 200 मीटर 36 सेकंदांत काढते. तिला वाटतं आज जमलं. 500 च्या पुढे मांड्या जड होतात, शेवटचे 200 मीटर 52 सेकंदांत जातात आणि तीन मिनिटांच्या आसपास ती रेषेला पोचते. हे सुधारायला घड्याळ लागतं आणि मोजलेलं मैदान लागतं. आठवड्यातून एकदा 200 मीटरच्या सहा फेऱ्या, प्रत्येक 41 ते 42 सेकंदांत, मध्ये दोन मिनिटं चालणं. दुसऱ्या दिवशी 400 च्या तीन, 84 ते 86 सेकंदांत, मध्ये चार मिनिटं. दर पंधरवड्याला 600 मीटर एकटीने, कुणाच्या पाठी न लागता. ते 2 मिनिटं 5 सेकंदांच्या आत आलं की 800 चं 2:50 आवाक्यात आलं असं धरा. 16 आठवडे यासाठी पुरतात. सहा आठवड्यांत घाई केली की नडगीचं हाड दुखायला लागतं आणि मुलगी घरी बसते.

मोजलेलं मैदान म्हणतो ते यासाठी. आमच्याकडे शाळांची मैदानं उतरती, जांभ्याची, कोपऱ्यात आंब्याचं झाड असलेली. सड्यावर, म्हणजे माथ्यावरच्या कातळपठारावर, सपाटी मिळते पण कातळ पायाला मारतो. मुली अंदाजाने फेऱ्या मारतात. 190 मीटरची फेरी 200 ची समजून चार वेळा मारली तर ती 760 मीटर होते. तिथे 2:50 आलं म्हणजे खऱ्या 800 ला 2:59. प्रत्यक्ष चाचणीत पायातल्या चिपवर वेळ मोजतात, तिथे अंदाज चालत नाही. 200 मीटरची फेरी आखायला 85 मीटर लांब आणि 35 मीटर रुंद जागा पुरते. 50 मीटरच्या दोन सरळ बाजू, आणि दोन्ही टोकांना अर्धवर्तुळ. मध्यभागी खुंटी ठोकून दोरीने वर्तुळ काढायचं. गणिताने त्रिज्या 15.92 मीटर येते, पण धावणारी चुन्याच्या रेषेवर पाय देत नाही, साधारण 20 सेंमी बाहेरून धावते. म्हणून दोरी 15.72 मीटर घ्यावी. हे केलं नाही तर चार फेऱ्यांत पाच मीटर जास्त होतात, म्हणजे मुलीची एक सेकंदाची मेहनत उगाच वाया. दोन माणसं, एक टेप, एक दोरी, चुन्याच्या दोन गोणी. एका सकाळचं काम आहे.

किनाऱ्यावरच्या मुली पुळणीवर धावतात. चांगलं आहे, पण आठवड्यातून एकदाच, तेही ओहोटीला ओल्या घट्ट वाळूवर. भुसभुशीत वाळूत पोटऱ्या तयार होतात पण पावलांचा वेग मंदावतो, आणि टाचेमागची शीर धरते. किनारा समुद्राकडे कललेला असतो, त्यामुळे एकाच दिशेने धावलं तर एका गुडघ्यावर भार येतो. जेवढं जावं तेवढंच परत यावं.

100 मीटरला एकच सांगणं: रेषेपर्यंत धावू नका, रेषेच्या पुढे पाच मीटरपर्यंत धावा. बाजूला बघण्यात आणि शेवटी हात सैल सोडण्यात अर्धा सेकंद जातो.

गोळा हा मुलींच्या गुणांतला सगळ्यात दुर्लक्षित भाग आहे, आणि सगळ्यात लवकर सुधारणाराही. डोक्यावर दोन हंडे घेऊन घाटी चढणाऱ्या मुलीच्या पायांत आणि मानेत जोर असतोच. ती चार मीटरवर अडकते कारण गोळा चेंडूसारखा फेकते. गोळा तळहातावर नाही, बोटांच्या बुडाशी ठेवायचा. जबड्याखाली मानेच्या खोबणीत टेकवायचा. कोपर खांद्याच्या रेषेत बाहेर. ते खाली पडलं की गोळा मानेपासून सुटतो, फेक बाद होते आणि खांदा दुखावतो. उजव्या हाताने फेकणारीने वजन उजव्या पायावर घ्यावं, गुडघा वाकवावा, पाठ फेकीच्या दिशेला. जोर टाचेतून निघतो: आधी कंबर वळते, मग छाती, आणि हात सगळ्यात शेवटी. हात आधी गेला की नुसत्या दंडाचा जोर लागतो. गोळा सपाट जाऊ नये म्हणून वर्तुळाच्या पुढे दोन मीटरवर, जमिनीपासून सव्वादोन मीटर उंच दोरी बांधावी आणि तिच्यावरून गोळा घालवायचा सराव करावा. फेकल्यावर पुढे तोल जाऊन रेषेबाहेर पाऊल पडलं तर साडेसहा मीटरची फेकही शून्य होते. बाहेर पडायचं ते वर्तुळाच्या मागच्या अर्ध्यातून. आमच्या दमट हवेत हात घामाने निसटतात, तेव्हा फेकीआधी कोरडी माती चोळावी. आणि सरावाचा गोळा वाण्याच्या काट्यावर तपासून घ्यावा, तो 4 किलोच हवा. आठवड्यातून तीन दिवस, दिवसाला वीस-पंचवीस फेकी. दीड-दोन महिन्यांत मीटरभर फरक पडतो.

हे सगळं करूनही काही मुली 800 मध्ये पुढे सरकत नाहीत. तिथे पायांचा दोष नसतो, रक्ताचा असतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के महिलांना रक्तक्षय आढळला. हिमोग्लोबिन 12 च्या खाली असलं तर स्नायूंना प्राणवायू कमी पोचतो, आणि दोन-तीन मिनिटांच्या धावेत तो लगेच जाणवतो. आम्ही पालकांना सांगतो, बुटांच्या आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन रक्त तपासा. लोहाच्या गोळ्या तिथेच मिळतात. पण मुली त्या सकाळच्या चहाबरोबर घेतात, आणि चहा लोह शरीरात शिरूच देत नाही. गोळी जेवणानंतर लिंबूपाण्याबरोबर घ्यावी, आणि चहा आधी-नंतर निदान तासभर टाळावा. नाचणी, कुळीथ, बांगडा, हिरव्या पालेभाज्या आपल्या घरात आहेतच. मुलीच्या पानात मात्र त्या शेवटी उरेल तेवढ्या येतात, आणि हे बोलायला आम्हाला संकोच वाटत नाही. जीममधल्या पावडरी आणू नयेत.

सरावाची वेळ हाही प्रश्न आहे. शहरातल्या अकॅडमीत पहाटे साडेपाचला मैदान सुरू होतं. वाडीतल्या मुलीला पहिली एसटी सातला असते, आणि अंधारात सड्यावरून एकटीने यायला कुणी पाठवत नाही, ते बरोबरच आहे. सराव दुपारी चार ते सहा ठेवावा आणि परतीची गाडी सुटण्याआधी संपवावा. 2023 पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे, त्यामुळे खर्चाचा प्रश्न पूर्वीइतका राहिलेला नाही, वेळापत्रकाचा आहे. आगार व्यवस्थापकाने एक गाडी वीस मिनिटं पुढे-मागे केली तरी एका वाडीच्या सहा मुली येऊ शकतात.

आणि भरतीचं मैदान पावसाळ्यात नको, ही शासनाला कळकळीची विनंती. 17,471 पदांच्या भरतीची मैदानी चाचणी 19 जून 2024 ला सुरू झाली. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि जून-जुलै त्यातले मोठे महिने. चिखलात 800 मीटर धावणाऱ्या मुलीचे सेकंद कोण परत देणार? मैदान पुढे ढकललं की चढवत आणलेली तयारी उतरते, परत मुक्कामाचा खर्च होतो, बरोबर आलेल्या बापाची मजुरी बुडते. त्याआधीची चाचणी जानेवारी 2023 मध्ये झाली होती. कोकण परिक्षेत्रासाठी नोव्हेंबरचा मध्य ते फेब्रुवारीअखेर हाच काळ ठेवावा. भातकापणी आटपलेली असते आणि आंब्याचा हंगाम सुरू व्हायचा असतो.

लेखीबद्दल फार लिहीत नाही. 100 गुण, 90 मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला 54 सेकंद. गणित आणि बुद्धिमत्ता यांत वेळ जातो, मराठी व्याकरणात वाचतो. आमच्या मुली यात मागे नाहीत.

कागदपत्रांत मात्र मागे पडतात, आणि त्याचं कारण घरात आहे. इतर मागासवर्गाच्या जात पडताळणीला 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा लागतो. आजोबा-पणजोबांची शाळेच्या रजिस्टरमधली नोंद, किंवा जन्म-मृत्यूचा गाव नमुना 14. हे शोधायला कधी महिने लागतात. मुलासाठी घर हे बारावीतच करतं. मुलीसाठी करत नाही, कारण ती लग्न होऊन जाणार. पण लग्न झालं तरी तिची जात माहेरचीच धरली जाते आणि नॉन-क्रिमीलेअरही आई-वडिलांच्या स्थितीवरच ठरतं. सासरी गेल्यावर हे कागद गोळा करणं जास्त अवघड. भावाचं किंवा काकाचं वैधता प्रमाणपत्र असेल तर तिचं काम लवकर होतं, ते जोडावं. लग्नानंतर नाव बदललं असेल तर दहावीच्या प्रमाणपत्रावरचं नाव आणि अर्जातलं नाव यांचा मेळ घालणारं राजपत्र किंवा विवाह नोंदणीचा दाखला आधी काढून ठेवावा. पडताळणीच्या टेबलापर्यंत पोचलेली मुलगी एका नावासाठी परत जाऊ नये.

आता भरती झालेल्या मुलीचं काय होतं ते. तिला ठाण्यात पाठवतात आणि संगणकावर बसवतात. सीसीटीएनएसची (गुन्ह्यांच्या संगणक प्रणालीतली) नोंद, टपाल, बिनतारी. कुणी वाईट हेतूने करत नाही, सांभाळून घ्यावं म्हणून करतात. पण दहा वर्षं बीट, म्हणजे नेमून दिलेला गस्तीचा भाग, न पाहिलेली, पंचनामा न लिहिलेली, मुद्देमाल न हाताळलेली अंमलदार हवालदार झाल्यावर तपास कसा करणार? पहिल्या दोन वर्षांत प्रत्येक महिला शिपायाला सहा महिने बीट, सहा महिने तपासी अंमलदाराच्या हाताखाली आणि काही काळ ठाणे अंमलदाराच्या टेबलावर मदतीला द्यावं, आणि हे पोलीस अधीक्षकांनी लेखी ठरवून द्यावं. तोंडी ठरलेलं पहिल्या बंदोबस्तात मोडतं.

बंदोबस्त म्हटला की कोकणात गणपती आणि शिमगा. 2021 मध्ये संजय पांडे महासंचालक असताना महिला पोलिसांना 12 ऐवजी 8 तासांची ड्युटी देण्याचा निर्णय झाला. चांगला निर्णय होता. सणात तो टिकत नाही. मुंबई-गोवा महामार्गावर चाकरमान्यांच्या गाड्यांची रांग लागली की पॉइंटवरची महिला पावसात उभी असते, आणि तिथून जवळचं शौचालय कधी चार किलोमीटरवर. मग ती पाणी पीतच नाही. सकाळपासून घोटभर पाणी नाही, रेनकोटच्या आत घाम, आणि पाळी असली तर पॅड बदलायची सोय नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी लघवीला जळजळ, ताप. मूत्रमार्गाचा हा संसर्ग बंदोबस्तानंतर महिला पोलिसांत किती सर्रास असतो, हे कोणत्याही तालुक्याच्या डॉक्टरांना विचारावं. उपाय साधे आहेत. बंदोबस्ताचा नकाशा करतानाच प्रत्येक पॉइंटजवळचा पेट्रोल पंप, जिल्हा परिषदेची शाळा किंवा ग्रामपंचायत लिहायची आणि किल्ली कुणाकडे आहे त्याचं नाव-नंबर पॉइंटवर द्यायचं. दर तीन तासांनी एक गाडी फिरवायची, तीत एक बदली अंमलदार, पाणी आणि पॅडचं पाकीट. जिथे इमारतच नाही तिथे फिरतं शौचालय. महिलांना जोडीने नेमायचं, एकटीला नाही. बंदोबस्ताच्या आदेशात हा एक रकाना वाढवायला कुठल्या मंजुरीची गरज नाही.

ठाण्याच्या इमारतीत महिलांसाठी आतून कडी लागणारी खोली, तिला जोडून न्हाणीघर, पाण्याची वेगळी टाकी आणि झाकणाची कचरापेटी हवी. जुन्या कौलारू ठाण्यांत शौचालय मागच्या परड्यात असतं आणि कोठडीच्या दारावरून जावं लागतं. नवीन इमारतीच्या नकाशात ही खोली असते, पण काही वर्षांत तिथे रेकॉर्ड भरतात. वार्षिक तपासणीत ती खोली उघडून बघावी. सागरी ठाण्यांच्या 12 टनी आणि 5 टनी गस्ती नौकांवर महिला जाव्यात असं वाटत असेल, तर सहा-सात तासांच्या फेरीत आडोसा आणि शौचाची सोय कुठे आहे हे आधी पाहावं लागेल. लाइफ जॅकेट आणि दंगलीत घालायचे बॉडी प्रोटेक्टर महिलांच्या मापाचे मागवावेत. ढगळ जॅकेट पाण्यात हनुवटीवर चढतं.

लहान मूल असलेल्या अंमलदारासाठी पाळणाघर हवं, असं म्हटलं की उत्तर येतं, एका ठाण्यात दोनच मुलं, पाळणाघर कसं चालवायचं? तालुक्याच्या गावी तहसील, पंचायत समिती, न्यायालय, ग्रामीण रुग्णालय आणि ठाणं बहुतेक अर्ध्या किलोमीटरच्या आत असतात. सगळ्यांचं मिळून एक काढा. दहा-बारा मुलं सहज होतील, आणि खर्च पाच कार्यालयांत वाटला जाईल. बदलीचाही एक काच आहे. शिपायाची सेवाज्येष्ठता जिल्ह्याची असते. लग्नानंतर ठाणे किंवा रायगडला बदली मागितली तर ज्येष्ठता जाते आणि ती तिथल्या यादीत खाली ढकलली जाते. आमच्या मुलींची लग्नं मुंबई-ठाण्याकडे होतात. निदान कोकण परिक्षेत्रातल्या पाच जिल्ह्यांपुरती, पती-पत्नी एकत्रीकरणाच्या बदलीत ज्येष्ठता कायम ठेवण्याचा विचार गृह विभागाने करावा.

बिहारने 2013 मध्ये पोलीस भरतीत महिलांना 35 टक्के जागा ठेवल्या आणि आज तिथल्या पोलीस दलात महिलांचं प्रमाण देशात पुढच्या रांगेत आहे. तिथल्या मुली आपल्यापेक्षा जास्त सुस्थितीतून येतात असं कुणी म्हणणार नाही.

आमच्या मागण्या तालुक्याच्या पातळीवरच्या आहेत. प्रत्येक तालुक्यात एका शाळेचं मैदान मोजून 200 मीटरची फेरी आखावी, तिथे 4 किलोचे चार गोळे आणि दोन स्टॉपवॉच ठेवावीत. ठाण्यातल्या एका महिला अंमलदाराला आठवड्यातून दोन दिवस दुपारी दोन तास तिथे पाठवावं आणि ती तिची ड्युटी धरावी. मुलींना घड्याळाइतकाच तिचा गणवेश पाहण्याचा उपयोग होतो. पोलीस पाटील आणि आशाताईंनी बारावीच्या, 155 सेंमीच्या पुढच्या मुलींची वाडीवार यादी करावी. आरोग्य केंद्राने त्या यादीतल्या मुलींचं रक्त दर तीन महिन्यांनी तपासावं. दापोली आणि गुहागरच्या गटशिक्षणाधिकाऱ्यांनी होकार दिला तर मैदान आखायला टेप, दोरी आणि माणसं घेऊन आम्ही स्वतः येऊ. दिवाळीची सुट्टी संपल्यावरचा पहिला रविवार आम्ही त्यासाठी मोकळा ठेवला आहे.

आपले,
पोलीस भरतीची तयारी करून घेणारे काही प्रशिक्षक,
दापोली, मंडणगड, गुहागर (जि. रत्नागिरी)